चार्जर रुसला त्या तीन दिवसांची हकीकत

श्रीविद्युल्लता प्रसन्न. पेन्शनअलंकृत, ठरावधुरंधर, सकलसल्लामसलतनिपुण निवासी मंडळी यांचे सेवेशी हकीकत लिहिली जाते ती येणेप्रमाणे की, टेकडीवरील वृद्धनिवासाची जी एकुलती एक गोल्फगाडी, तिचा चार्जर मंगळवारी प्रातःकाळी एकाएकी मुका जाहला, आणि तीन दिवस बोलेना, आणि त्या तीन दिवसांत कोणी कोणती शर्थ केली, कोणी कोणते शहाणपण पाजळले आणि शेवटास फत्ते कैसी जाहली, ते सर्व यथास्थित लिहिले आहे. पदरचे काही घातले नाही. घालण्याची गरजच पडली नाही, मंडळींनी पुरेसे घालून ठेविले होते.

प्रथम मुलुखाची माहिती. टेकडीच्या माथ्यावर तीन इमारती, त्यांत हिंडती फिरती निवासी मंडळी. पायथ्याशी शुश्रूषागृह, तेथे ज्यांस अंथरुणातून उठवत नाही ते. आणि दोहोंच्या मध्ये विटांचा अरुंद उतार, दोहों बाजूंस कुंपणाची झुडपे, रुंदी एका गोल्फगाडीपुरती. बाहेरून मोटाररस्ता होता, परंतु तो नळवाल्यांनी महिन्यापूर्वी खणिला, आणि खणोन ते जे गेले ते गेलेच. चाकाची खुर्ची उतारावरून नेण्यास ठराव क्रमांक अकरा अन्वये मनाई, कारण एक सभासद खुर्चीसुद्धा गुलाबाच्या ताटव्यात दाखल जाहले होते, आणि काटे काढता काढता दोन सिस्टरांची अवघी दुपार खर्ची पडली होती. सबब वरून खाली जाण्यास गाडी एकच आणि गाडीवानही एकच. त्यास सर्व मामा म्हणत. उमर पंचावन्न, अंग किडकिडीत, बोलणे बेताचे. गाडीचे ब्रेक कोणत्या वळणावर कुरकुरतात आणि कोणत्या निवाशाचा कोणता गुडघा दुखतो, हे दोन्ही त्यांस तोंडपाठ.

मुलुखाचा कारभार समितीकडे, आणि समिती म्हणजे तीन खासे. एक सचिव, ज्यांची हयात सरकारी कचेरीत गेली आणि ज्यांस पाणी मागावयाचे तरी अ, ब, क अशी तीन कलमे लागत. दुसरे इंजिनिअरसाहेब, ज्यांनी चौतीस वर्षे पूल बांधिले, आणि पुलांखेरीज जगात जे काही आहे तेही आपणांस कळते अशी ज्यांची खात्री होती. तिसरे खजिनदार, ज्यांनी विजेच्या बचतीचा ध्यास घेतला होता, आणि जे पेटलेला दिवा दिसताच, खाली कोणी वाचीत बसले आहे की नाही हे न पाहता, मालवीत. तिघेही सज्जन. तिघे एका खोलीत आले म्हणजे मात्र सज्जनपणाचा काही उपयोग होत नसे.

आता ज्यांच्यासाठी हे सर्व, त्यांची हकीकत. माथ्यावरील दुसऱ्या इमारतीत बाई राहत. अठ्ठावीस वर्षे शाळेत गणित शिकविले, एक गुडघा बदललेला, दुसरा बदलण्याच्या वाटेवर. त्यांचे यजमान, तेही त्याच शाळेतले, सर, हे खाली शुश्रूषागृहात. सरांचे स्मरण दीड वर्षापासून उतरणीस लागले होते. मुलगा आला तर त्यास नमस्कार करून आपण कोण म्हणोन पुसत. परंतु रोज दुपारी चारास बाई जात, खुर्ची ओढोन बसत, वाटीत सूप घेत, आणि सर तोंड उघडीत. दुसऱ्या कोणी चमचा पुढे केला तर सर ओठ मिटोन घेत ते मिटोनच. सिस्टरांनी केले, डॉक्टरांनी केले, मुलाने केले. किल्ला पडला नाही. एक बाईंस मात्र दरवाजा उघडत असे, आणि बाईंस तेथवर नेणारी ती गाडी.

ऐशियास मामांची बहीण दवाखान्यात होती, तिचे पित्ताशय काढिले, म्हणोन मामा दहा दिवसांच्या रजेवर गेले. मागे गाडीचा कारभार समितीने आपल्या शिरावर घेतला. इंजिनिअरसाहेब स्वतः गाडी हाकू लागले, आणि बाईंस रोज चारास पोहोचते करिते जाहले, आणि उतरताना दर वळणावर त्यांस पूल कैसा बांधितात ते सांगते जाहले. दहावे दिवशी गाडी चढ चढताना धापा टाकू लागली. तेव्हा इंजिनिअरसाहेबांनी, गाडीचे वय जाहले, असा निर्वाळा दिला.

मंगळवारी मामा हजर जाहले. गाडीचे शेड उघडिले, किल्ली फिरविली, गाडी हलेना. मग भिंतीवरील मेन स्विच चालू केले आणि चार्जरची पिन गाडीत घातली. नित्याचा रिवाज असा की पिन घालताच चार्जर आतून टक् म्हणे आणि मग गुणगुणू लागे. ते दिवशी टक् नाही, गुणगुण नाही, दिवा नाही. मामांनी पिन काढून पुसली, फुंकली, पुन्हा घातली. मग वर्दी समितीस गेली, आणि समिती ऐशा वर्दीची वाटच पाहत होती की काय न कळे, खासे तिघेही दहा मिनिटांत चपला घालून शेडात दाखल.

इंजिनिअरसाहेबांनी चार्जरास चहूंकडून न्याहाळिले, वर दोन टिचक्या मारिल्या, आणि दोष चार्जरात आहे, दुसरीकडे कोठेही शोधू नये, असा हुकूम फर्माविला. मामांच्या मनात आले की बॅटरीची पेटी उघडोन एकवार मीटर लावोन मोजावे. आणि त्यांनी तसे सुचविलेही. त्यावर साहेबांनी एका कागदावर ‘पेटीस हात लावू नये’ ऐसे ठळक लिहोन तो कागद पेटीस चिकटविला. चौतीस वर्षांच्या पुलांपुढे दहा वर्षांच्या गाडीवानाने काय बोलावे? मामा गप्प राहिले. त्याचा त्यांस पुढे दोन दिवस पश्चात्ताप जाहला.

मग चार्जरावर मोहीम निघाली. चार्जर भिंतीवरून उतरविला, शेडातल्या जुन्या टेबलावर उताणा घातला, त्याचे बारा स्क्रू काढून बशीत ठेविले, आणि साहेबांनी भिंग डोळ्यास लावून आत मुलुखगिरी चालविली. फ्यूज बदलिला. नवा फ्यूजही चांगला निघाला, जुनाही चांगला निघाला. तारा हालविल्या. पंख्याची धूळ काढिली, ती उडोन सचिवांच्या नाकात गेली आणि त्यांस अकरा शिंका आल्या. दुपारचे चार वाजले. बाई नेसून, पर्स घेऊन, दाराशी उभ्या होत्या. मामांनी जाऊन सांगितले की आज गाडी नाही. बाईंनी पर्स मात्र खाली ठेविली नाही. सायंकाळी खालून सिस्टरचा फोन आला की सरांनी ओठ उघडिले नाहीत.

बुधवारी समितीने रीतसर सभा भरविली. सचिवांनी कलम अ वाचिले की चार्जर बंद आहे, आणि त्यास दोघांनी अनुमोदन दिले. मग कंपनीच्या मदतकेंद्रास फोन लाविला. तेथे एका यंत्राने फार अगत्याने बोलून घेतले, एक दाबा, दोन दाबा, आणि साहेबांनी सर्व दाबून जाहल्यावर एक जिवंत मनुष्य भेटला, तो म्हणाला की कारागीर आठ कामाच्या दिवसांत येईल. कलम ब ऐसे ठरले की, तोवर बाईंनी सरांस फोनवर चेहरा दाखवून जेवू घालावे. ही मसलत खजिनदारांची. समितीस ती बहुत पसंत पडली, कारण तीत कोणास उठावे लागत नव्हते.

चारास सिस्टरने सरांपुढे फोन धरिला. बाईंनी वरून हाक मारिली, सूप घ्या म्हणाल्या. सरांनी फोनकडे पाहिले, मग फोन हातात घेऊन उलटा केला आणि त्याच्या पाठीमागे कोण आहे ते पाहिले. तेथे कोणी नव्हते. त्यांनी तो अलगद उशीखाली ठेविला, आणि बाई उशीखालून बोलत राहिल्या.

त्याउपरी बाईंनी काठी घेतली आणि कोणास न सांगता उतारास लागल्या. पहिले बाकडे गाठिले, दुसरे गाठिले, तिसऱ्याशी गुडघ्याने जबाब दिला. मामांस कळताच ते धावत गेले. बाई बाकड्यावर बसल्या होत्या आणि खाली शुश्रूषागृहाचे छप्पर दिसत होते, हाकेच्या अंतरावर. मामा शेजारी उभे राहिले. तेव्हा बाई जे बोलल्या ते जैसे बोलल्या तैसे लिहितो.

“मामा, मला त्या चार्जरमधलं काही कळत नाही. पण उद्या चारला डॉक्टर नाकातून नळी घालायला येणार आहेत. त्यांचंही बरोबर आहे, उपाशी किती दिवस ठेवणार? पण एकदा नळी गेली की माणूस चमचा विसरतो. खाली तिघांचं पाहिलंय मी. मग मी जाऊन करू काय तिथं?”

मामा म्हणाले, “उद्या चारच्या आत नेतो तुम्हाला.”

बोलोन गेले खरे. परंतु नेणार कशात, हे त्यांस ठाऊक नव्हते. शब्द तोंडातून गेला तो गेला. मग बाईंस धरून धरून वर पोहोचविले आणि आपण तडक पाण्याच्या टाकीकडे गेले, जेथे पंपवाला असे. हा पंपवाला बोलावयास तुसडा, समितीच्या एकाही सभेस न आलेला, आणि त्यामुळेच की काय, डोके शाबूत असलेला. मामांनी सर्व हकीकत निवेदन केली. त्याने विडीचे थोटूक कानामागे ठेविले आणि एकच पुसले, बॅटरी मोजली का? मामा म्हणाले, मनाई आहे. त्यावर पंपवाल्याने जे उद्गार काढिले ते या दप्तरात लिहिण्याजोगे नाहीत. त्यातले सभ्य तेवढे असे:

“अहो, तो हुशार चार्जर आहे. आधी समोर बॅटरी आहे का बघतो, मगच वीज सोडतो. बॅटरी पारच मेलेली असली तर त्याला वाटतं समोर कोणी नाहीच. मग तो कशाला टक् म्हणेल?”

दोघे शेडात आले. मामांनी तो कागद पेटीवरून काढिला, घडी घालून खिशात ठेविला, आणि मीटर लाविला. चार बॅटऱ्या, बारा बारा व्होल्टच्या, मिळोन अठ्ठेचाळीस असावयाचे. काटा एकोणिसावर लोळत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तैसे जाहले. दोन दिवस ज्यास चिरफाडीस घातले तो चार्जर धडधाकट, आणि मढे जाहलेल्या बॅटरीस कोणी पुसलेही नव्हते.

परंतु दहा दिवसांत ती मेली कैसी? खुंटीवर चार्जिंगची वही टांगली होती. मामांनी उघडिली. डाव्या रकान्यात इंजिनिअरसाहेबांच्या वळणदार अक्षरात रोज नोंद: सायंकाळी सात, गाडी चार्जिंगला लावली. उजव्या रकान्यात खजिनदारांच्या बारीक अक्षरात रोज नोंद: सायंकाळी सहा, ठराव क्रमांक चौदा अन्वये शेडचे मेन स्विच बंद केले. दहा दिवस, दहा नोंदी, दोघांच्या सह्या शेजारी शेजारी, एकही चुकलेली नाही. दोघांनीही आपले कर्तव्य तंतोतंत केले होते, आणि गाडी रात्रभर विजेशिवाय पिन तोंडात धरून उभी होती. मामांनी वही पंपवाल्यापुढे धरिली. तो वाचून हसला नाही, आपल्या जनरेटरच्या बॅटरीचा छोटा चार्जर आणावयास गेला.

गुरुवारी सकाळी सातास खरी लढाई तोंडास लागली. छोटा चार्जर दिसण्यात जेवणाच्या डब्याएवढा, हुशारी त्यास बिलकूल नव्हती, समोर बॅटरी मेलेली आहे की जिवंत हे तो पुसतच नसे, तारा लावल्या की ओतू लागे. मामांनी हिशेब बांधिला: एका बॅटरीस दोन तास, चार बॅटऱ्यांस आठ, म्हणजे तीन वाजतील. पहिलीस लाल आणि काळा चिमटा लाविला आणि स्टुलावर बसले. आठास इंजिनिअरसाहेब आले, कागद जागेवर नाही हे पाहिले, मामांनी मीटर आणि वही दोन्ही पुढे केली. साहेबांनी डावा रकाना वाचिला, उजवा वाचिला, पुन्हा डावा वाचिला. मग म्हणाले की हा अंदाज आपणांस प्रथमपासून होताच, चार्जर केवळ खात्रीकरिता उघडिला. आणि बशी जवळ ओढून स्क्रू परत बसवू लागले. बारांपैकी दहा बसले. उरलेले दोन कोठले, याचा खुलासा आजतागायत झाला नाही.

नवास दुसरी बॅटरी, अकरास तिसरी. एक वाजला. मामांनी चिमटा काढून चौथीस लाविला, आणि तितक्यात दोन गोष्टी एकदम घडल्या. गाडीचे पुढले दोन्ही दिवे आपोआप, आजाऱ्याने डोळे किलकिले करावे तैसे, भिंतीवर पिवळट उजेड पाडू लागले. आणि दारात खजिनदार उभे राहिले, कारण ठराव क्रमांक चौदा अन्वये दुपारी एक ते तीन हीसुद्धा बचतीची वेळ, आणि ते घड्याळाप्रमाणे मेन स्विच बंद करावयास आले होते.

मामांनी दिव्यांकडे पाहिले, दिव्यांचे बटण ओढलेले आहे ते पाहिले, ते दाबून दिवे मालविले. तोंवर खजिनदारांचा हात स्विचाशी गेला. मामा उठले आणि हात आणि स्विच यांच्या मध्ये जाऊन उभे राहिले. दहा वर्षांत ते समितीपुढे ऐसे कधी उभे राहिले नव्हते.

“खजिनदारसाहेब, आज या बटणाला हात लागायचा नाही. ठराव मोडला म्हणून उद्या मला काढून टाका.”

खजिनदारांचे लक्ष त्यांच्याकडे नव्हतेच. ते विझलेल्या दिव्यांकडे पाहत होते. त्यांचा हात हळूहळू खाली आला. मग स्टूल ओढून ते बसले, आणि सांगते जाहले की, सभागृहाचे दिवे सहानंतर बंद ठेवण्याचा ठराव त्यांनीच मांडिला, मग रमी खेळावी कोठे, म्हणोन मामा रजेवर गेल्यापासून तिघे खासे रोज सायंकाळी येथे येत, शेडातही वीज बंद, सबब गाडीचे दिवे लावून, त्यांच्या उजेडात दोन तास डाव मांडीत. विजेची बचत व्हावी म्हणोन.

“सोमवारचा शेवटचा डाव माझा होता,” ते म्हणाले. “जिंकलो, त्या आनंदात दिवे तसेच राहिले. बाईंना कोणत्या तोंडानं सांगू?”

मामांस बोलावयाचे बहुत होते. दोन दिवस सरांच्या पोटात अन्न नव्हते, बाई तिसऱ्या बाकड्याशी बसून होत्या, हे सर्व त्यांच्या जिभेवर आले. राग आला, खराच आला. परंतु समोर एक सत्त्याहत्तर वर्षांचा मनुष्य हात मांडीवर ठेवून बसला होता. मामांनी त्यांस म्हटले की काळा चिमटा सैल आहे, तो धरून बसावे. आणि खजिनदार एकापासून तीनापर्यंत, ठराव क्रमांक चौदाच्या खास वेळेत, मेन स्विच चालू असता, वाकून चिमटा धरून बसले. बोटे वाकडी झाली तरी सोडला नाही. तेवढी त्यांची तारीफ लिहिणे भाग आहे.

तीन वाजता मीटर लाविला. काटा चव्वेचाळिसावर. मोठा चार्जर दहा स्क्रूंनिशी भिंतीवर चढविला. सचिवही कागदपेन्सिल घेऊन हजर जाहले. मामांनी पिन हातात घेतली, गाडीत घातली. शांतता. इंजिनिअरसाहेब टिचकी मारावयास पुढे सरले, आणि पंपवाल्याने त्यांचे मनगट धरिले. मग आतून, फार खोलातून, टक्. आणि गुणगुण सुरू जाहली, आणि हिरवा दिवा लागला, आणि मामा भिंतीस पाठ लावून खाली बसले, आणि त्यांस रडू फुटले. इंजिनिअरसाहेबांनी छताकडे पाहून घेतले.

तीन चाळीस होताच पिन काढिली. पंपवाल्याने बजाविले की इतक्या विजेत गाडी खाली जाईल, वर येईलसे वाटत नाही. मामांनी तेच बाईंस सांगितले. बाई तोवर गाडीत बसल्या होत्या, म्हणाल्या, “वर यायचं नंतर बघू, तुम्ही सोडा.” आणि गाडी उतारास लागली, आणि पहिले बाकडे गेले, दुसरे गेले, तिसरे गेले, आणि चारास पाच कमी असता शुश्रूषागृहाच्या दाराशी लागली.

सरांच्या खोलीत डॉक्टर आले होते. नळी वेष्टनातून काढून ट्रेमध्ये ठेविली होती, सिस्टरने सरांचे डोके उशीवर सरळ केले होते. बाई काठी टेकीत आत गेल्या आणि डॉक्टरांस म्हणाल्या की पाच मिनिटे द्या. मग खुर्ची ओढिली, वाटीत सूप घेतले, फुंकर घातली, चमचा ओठांशी नेला. ओठ मिटलेलेच. मामा दारात उभे होते. बाईंनी चमचा मागे घेतला नाही. बराच वेळ गेला. सरांनी चमच्याकडे पाहिले, मग चमचा धरिलेल्या हाताकडे पाहिले, मग हातावरून वर वर पाहत चेहऱ्याशी आले. जे दीड वर्षात कोणास नावाने ओळखीत नव्हते ते बोलले:

“कुठं होतीस?”

“गाडी बंद होती,” बाई म्हणाल्या.

सरांनी क्षणभर विचार केला, आणि तोंड उघडिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सचिवांनी दप्तरी कलम क लिहिले की, समितीच्या अथक प्रयत्नांनी व तज्ज्ञ मार्गदर्शनाने चार्जर पूर्ववत सुरू जाहला, सबब समितीचे अभिनंदन करण्यात यावे. त्यास समितीने एकमताने मंजुरी दिली, फक्त खजिनदारांनी हात वर केला नाही. ते सचिवांच्या दप्तरी राहो. या हकीकतीत नोंद आहे ती अशी: गुरुवार, दुपारी चार वाजून वीस मिनिटे, खोली क्रमांक सात. नळी डॉक्टरांनी परत वेष्टनात घातली. सूप एक वाटी. सर सर्व प्याले. साक्ष मामा गाडीवान, दारात उभे.